टी पार्टी : ३२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर, मग जोर कुठून आला?

तळटीप (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या टी पार्टीबद्दल (सरकारी खर्च आणि तूट कमी करा म्हणत २००९ मध्ये रिपब्लिकन मतदारांत उभं राहिलेलं आंदोलन) आपल्याकडे लिहिलं जातं ते दोनच सुरांत. एक, 'धनदांडग्यांनी पैसा ओतून उभं केलेलं नाटक'. दुसरा, 'सामान्य करदात्याचा उठाव'. ते भांडण इथे नको. हा धागा एका मर्यादित प्रश्नापुरता आहे : लोकांचा पाठिंबा कधी आणि कशामुळे घसरला, आणि तो घसरत असतानाही वॉशिंग्टनमध्ये या मंडळींचा दबदबा का वाढत गेला.

ज्यांना विसर पडलाय त्यांच्यासाठी थोडा कालक्रम. ऑक्टोबर २००८ मध्ये बुश सरकारनं बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरची योजना आणली, तेव्हाच रिपब्लिकन मतदारांत धुसफूस सुरू झाली होती. १७ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी मंदीतून सावरायच्या ७८७ अब्जांच्या पॅकेजवर सही केली, दुसऱ्या दिवशी अडचणीतल्या गृहकर्जदारांसाठी ७५ अब्जांची योजना जाहीर झाली. १९ तारखेला सीएनबीसी या अर्थवाहिनीच्या रिक सँटेलीनं शिकागोच्या एक्स्चेंजमधून थेट प्रक्षेपणात त्यावर आगपाखड केली. २७ फेब्रुवारीला पहिले मोर्चे निघाले आणि १५ एप्रिलला, म्हणजे आयकर भरायच्या शेवटच्या दिवशी, देशभर सभा झाल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये रिपब्लिकनांनी हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ६३ जागा जास्तीच्या मिळवल्या. रँड पॉल, मार्को रुबियो, माइक ली हे तिघं त्याच लाटेत सिनेटमध्ये आले.

आता गॅलप या जनमत चाचणी संस्थेचे आकडे, 'तुम्ही टी पार्टीचे समर्थक, विरोधक की दोन्ही नाही' या प्रश्नाचे :

नोव्हेंबर २०१० : समर्थक ३२%
सप्टेंबर २०१३ : समर्थक २२%, विरोधक २७%, दोन्ही नाही ५१%
ऑक्टोबर २०१५ : समर्थक १७%, विरोधक २४%, दोन्ही नाही ५४%

शेवटच्या ओळीत विरोधकही कमी झालेत, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. लोक रागावून पलीकडे गेले असं नाही, बरेचसे या विषयातूनच उठून गेले.

आणि याच काळात काय घडलं? २०१४ च्या जूनमध्ये हाउसमधला रिपब्लिकनांचा दोन नंबरचा नेता एरिक कँटर प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवारी-निवडणुकीत, टी पार्टीवाल्याकडून पडला. जानेवारी २०१५ मध्ये फ्रीडम कॉकस हा हाउसमधल्या कट्टर रिपब्लिकनांचा गट स्थापन झाला. त्याच गटाच्या दबावाखाली सप्टेंबर २०१५ मध्ये हाउसचे रिपब्लिकन स्पीकर बेनरनी राजीनामा जाहीर केला. म्हणजे पाठिंबा तळाला होता तेव्हा दबदबा शिखरावर.

---

गणिती_काका

धागा चांगला आहे, पण आकडे शेजारी शेजारी मांडायच्या आधी प्रश्न कसा विचारला ते बघावं लागतं. टी पार्टीच्या बाबतीत तीन जातीचे प्रश्न होते आणि पत्रकारांनी तिन्हींची भेळ केली.

पहिला गॅलपचा, वर दिलाय तो. त्यात 'दोन्ही नाही' हा पर्याय उघड दिलेला असतो, त्यामुळे मधली गर्दी तिथे जमते.

दुसरा प्यू या संशोधन संस्थेचा : मत अनुकूल की प्रतिकूल? फेब्रुवारी २०१० मध्ये ३३% अनुकूल, २५% प्रतिकूल. जून २०१३ मध्ये ३७ विरुद्ध ४५. ऑक्टोबर २०१३ मध्ये ३० विरुद्ध ४९. इथे मधली जागा दिलेलीच नाही, म्हणून दोन्हीकडचे आकडे फुगलेले दिसतात.

तिसरा सीबीएस आणि न्यूयॉर्क टाइम्सचा. त्यात 'अजून ठरवलं नाही' आणि 'पुरेसं ऐकलं नाही' असे दोन पर्याय वाचून दाखवतात. एप्रिल २०१० मध्ये २१% अनुकूल, १८% प्रतिकूल. ऑगस्ट २०११ मध्ये २०% अनुकूल, ४०% प्रतिकूल. अनुकूल मत जागचं हललंच नाही, प्रतिकूल दुपटीहून जास्त झालं. ज्यांना आधी काहीच माहीत नव्हतं त्यांनी माहिती झाल्यावर नापसंती नोंदवली. याला पाठिंबा घटणं म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आता चूक-मर्यादा, म्हणजे थोड्याच लोकांना विचारल्यानं आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते. गॅलपचा नमुना साधारण हजार प्रौढांचा, जाहीर मर्यादा ±४. पण ती ५०% च्या आकड्यासाठी असते. २०% च्या आसपास ती ±३.२ होते. दोन वेगळ्या पोलमधला फरक बघायचा तर तिला २ च्या वर्गमुळानं गुणायचं, म्हणजे ±४.५. तेव्हा २२ वरून १७ ही घसरण जेमतेम खरी ठरते. ३२ वरून १७ मध्ये शंका नाही. दोन-तीन टक्क्यांच्या चढउतारावर ज्यांनी अग्रलेख लिहिले त्यांनी हा गुणाकार केला नसावा.

आणखी एक. उपगटांत मर्यादा झपाट्यानं वाढते. हजारात कट्टर रिपब्लिकन अडीचशे-तीनशे निघाले तर ±७ ते ८. गॅलपनं या गटात २०१० ते २०१५ दरम्यान ६३ वरून ४२ अशी घसरण दाखवली. २१ अंकांची आहे, म्हणून टिकते. ५-६ ची असती तर मी सोडून दिली असती.

---

सातारकर

काका, सगळं मान्य. पण मग १७% वाल्यांनी कँटरला पाडलं कसं? समर्थक देशात पाचात एकही नाही आणि प्रायमरीत ५५% मतं?

---

नाना_फडवाले

सातारकर, कारण प्रायमरीचा छेद वेगळा असतो, म्हणजे टक्के काढताना ज्यानं भागायचं ती मत देणाऱ्यांची संख्या. टक्क्यांऐवजी माणसं मोजा, लगेच उलगडेल.

व्हर्जिनियाचा सातवा मतदारसंघ : वस्ती सात लाखांवर. १० जून २०१४ ला टी पार्टीवाल्या ब्रॅटला ३६,१०५ मतं, कँटरला २८,९१२. एकूण मतदान ६५ हजार. म्हणजे मतदारसंघातल्या पाच टक्के माणसांनी हाउसचा मेजॉरिटी लीडर घरी पाठवला. कँटरनं ५० लाख डॉलरहून जास्त उधळले होते, ब्रॅटकडे त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकेही नव्हते. नोव्हेंबरमध्ये त्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार निवडून येणारच होता, त्यामुळे जूनमध्येच निकाल लागला.

डेलावेअर, सप्टेंबर २०१० : तिथे फक्त नोंदणीकृत रिपब्लिकनच प्रायमरीत मत देऊ शकतात. टी पार्टीची क्रिस्टीन ओडॉनेल ३०,५६१, माइक कॅसल २७,०२१. कॅसल माजी गव्हर्नर, सगळे पोल म्हणत होते नोव्हेंबरमध्ये हाच जिंकेल. सार्वत्रिक निवडणुकीत ओडॉनेल ४०% वर अडकली आणि डेमोक्रॅट कून्स ५६.६% घेऊन आला. साडेतीन हजार मतांच्या फरकानं पक्षानं सिनेटची एक जागा घालवली.

युटाची गंमत आणखी बारीक. तिथे तेव्हा उमेदवारी पक्षाच्या अधिवेशनात ठरायची. मे २०१० मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास डेलिगेट होते. तीन वेळा निवडून आलेला सिनेटर बॉब बेनेट दुसऱ्या फेरीतच तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. डेलिगेट निवडले जातात मार्चमधल्या मोहल्ला-सभांत, जिथे खुर्च्या भरायची मारामार असते. दहा-वीस माणसं ठरवून गेली तर प्रभागाचे डेलिगेट त्यांचेच. टी पार्टीनं नेमकं हेच केलं. पुढे २०१४ मध्ये युटानं कायदा बदलून सह्यांचा दुसरा मार्ग दिला, राज्यस्तरीय जागेला २८,००० सह्या.

जिथे छेद रुंद झाला तिथे हे हरले. मिसिसिपी, जून २०१४ : पहिल्या फेरीत टी पार्टीचा मॅकडॅनियल ४९.५%, जुना सिनेटर कॉक्रन ४९%. ५०% पार न झाल्यानं तीन आठवड्यांनी फेरमतदान. मिसिसिपीत पक्षनिहाय मतदारनोंदणी नाही. पहिल्या फेरीत ज्यानं डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं नाही तो कुणीही रिपब्लिकन फेरमतदानात येऊ शकतो. कॉक्रनच्या लोकांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत जाऊन मतदार बाहेर काढले. मतदान सुमारे ३ लाख १९ हजारांवरून ३ लाख ८२ हजारांवर गेलं आणि कॉक्रन साडेसात हजारांच्या आसपास मतांनी तरला.

अलास्काचंही तेच. २०१० मध्ये सिनेटर मर्कोव्स्की टी पार्टीच्या उमेदवाराकडून प्रायमरी हरली आणि नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर नाव नसताना, मतदारांकडून नाव लिहून घेऊन जिंकली. अशा पद्धतीनं सिनेट जिंकल्याचं त्याआधीचं उदाहरण १९५४ चं.

म्हणून राष्ट्रीय पोलमध्ये ३२ आहे की १७ यानं कँटरच्या निकालाला फारसा फरक पडत नव्हता. प्रायमरीला येणाऱ्यांत त्यांचं प्रमाण किती, एवढाच प्रश्न.

---

राधिका_पु

नानांचं गणित बरोबर, पण त्यानं 'पाठिंबा का घसरला' याचं उत्तर मिळत नाही. सगळे ऑक्टोबर २०१३ च्या शटडाउनकडे (ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविमा कायदा, रोखायला खर्चमंजुरी अडवून सरकार बंद पाडलं ते) बोट दाखवतात. माझ्या मते खरा घाव ऑगस्ट २०११ चा.

घटनाक्रम बघा. कर्जमर्यादा (सरकारनं किती कर्ज काढायचं याची कायद्यातली मर्यादा) वाढवायची शेवटची तारीख २ ऑगस्ट, आणि खर्चकपातीशिवाय ती वाढवू द्यायची नाही हा टी पार्टीवाल्यांचा हट्ट. २८ जुलैला बेनरना स्वतःच्याच विधेयकावरचं मतदान पुढे ढकलावं लागलं, कारण आपलेच लोक तयार नव्हते. संतुलित अर्थसंकल्पाच्या घटनादुरुस्तीची अट घातल्यावर २९ ला ते २१८-२१० नं निघालं, आणि सिनेटनं त्याच संध्याकाळी बाजूला ठेवलं. १ ऑगस्टला अंतिम तडजोड २६९-१६१ नं झाली, त्यात ६६ रिपब्लिकन विरोधात. डेमोक्रॅट ९५ बाजूनं, ९५ विरोधात, बरोब्बर निम्मे. ५ ऑगस्टला एस अँड पी या पतमानांकन संस्थेनं अमेरिकेचं मानांकन एएए वरून एए+ वर आणलं. त्याच आठवड्यात सीबीएस-टाइम्सचा तो ४०% प्रतिकूल आकडा.

आणि गोम अशी की या आंदोलनाला ठोस यश मिळालं ते यातच. पहिल्या टप्प्यात दहा वर्षांत ९१७ अब्ज डॉलरची कात्री, मग किमान १.२ लाख कोटी डॉलरची दुसरी. ही दुसरी कात्री कुठे लावायची ते ठरवायला नेमलेल्या समितीला जमलं नाही म्हणून १ मार्च २०१३ पासून ती सरसकट आपोआप लागली. खर्चावर एवढी बंधनं त्या दशकात दुसऱ्या कुणी आणली नाहीत. म्हणजे जे मागितलं ते मिळालं आणि मिळताना बदनामी झाली.

दुसरं कारण वयाचं. एप्रिल २०१० च्या त्याच पोलमध्ये टी पार्टी समर्थकांपैकी ७५% लोक ४५ च्या पुढचे, २९% तर ६४ च्या पुढचे. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांवरचा खर्च सार्थ आहे का, या प्रश्नाला त्यांच्यातल्या ६२% नी हो म्हटलं. आता १५ एप्रिल २०११ ला हाउसनं रिपब्लिकन पॉल रायनचा अर्थसंकल्प मंजूर केला, ज्यात पुढच्या पिढीसाठी मेडिकेअरऐवजी विम्याच्या हप्त्याला ठरावीक मदत होती. २४ मे ला न्यूयॉर्कच्या २६ व्या मतदारसंघात पोटनिवडणूक. पारंपरिक रिपब्लिकन जागा, डेमोक्रॅट कॅथी होकल मेडिकेअर एके मेडिकेअर करत जिंकली, आणि टी पार्टीच्या नावानं उभ्या जॅक डेव्हिसनं ९% मतं खाल्ली. खर्च कमी करा म्हणणाऱ्याला स्वतःचा दवाखाना त्यात धरायचा नव्हता.

---

तळटीप

राधिका, ऑगस्ट २०११ वर सहमत, पण शटडाउन इतकं सहज सोडू नका. प्यूच्या आकड्यांत मवाळ रिपब्लिकनांचं अनुकूल मत जून ते ऑक्टोबर २०१३ मध्ये ४६ वरून २७ वर आलं. चार महिन्यांत १९ अंक. २०११ मध्ये तटस्थ लोक विरोधी झाले, २०१३ मध्ये घरचे.

डावपेच म्हणूनही तो फसणारच होता. ओबामाकेअरचा मोठा भाग वार्षिक मंजुरीच्या खर्चात येतच नाही, कायद्यानंच बांधलेला आहे. सरकार बंद पाडून तो थांबत नाही. थांबलं काय? राष्ट्रीय उद्यानं, संशोधन संस्था, आठ लाखांच्या आसपास कर्मचारी घरी. आणि १ ऑक्टोबरला विम्याचं संकेतस्थळ ठरल्याप्रमाणे सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कोसळलं! ओबामाकेअरच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं होतं, पण १६ दिवस सगळे कॅमेरे बंद पडलेल्या सरकारकडे. शेवटी १६ ऑक्टोबरला हाउसमध्ये २८५-१४४. विरोधातली १४४ च्या १४४ मतं रिपब्लिकनांची, बाजूनं फक्त ८७.

---

अर्धवटराव

हे सगळं वरच्या मजल्यावरचं झालं. तळमजल्यावर काय झालं ते कुणीच लिहीत नाही. तिथल्या हजारभर मंडळांचं?

---

मंजिरी_जोगळेकर

अर्धवटराव, तळमजल्याचं लिहिते.

हजाराच्या आसपास स्थानिक गट होते, असा थीडा स्कॉकपोल आणि व्हॅनेसा विल्यमसन या अभ्यासकांचा अंदाज. वॉशिंग्टन पोस्टनं ऑक्टोबर २०१० मध्ये शोधून शोधून ६४७ गटांशी बोलणं केलं, तर ७०% गट म्हणाले की त्या वर्षी आम्ही कुठल्याच प्रचारात भाग घेतला नाही. ऐन लाटेत! काम काय, तर महिन्याला एक बैठक, उपाहारगृहाची मागची खोली किंवा चर्चचा हॉल, एखादा वक्ता, घटनेच्या छोट्या पुस्तिकांचं वाटप, ई-मेल यादी. असा गट दोन-तीन माणसांच्या हिमतीवर चालतो. ती दमली किंवा त्यांचं आपसांत बिनसलं की संपला. उत्साहाच्या पहिल्या वर्षात सभासद वर्गणी, हिशेब, पदांची मुदत हे काहीच बांधून न ठेवल्यानं बरेच गट असेच विरले.

जे टिकले त्यांनी पक्षातली सर्वांत खालची पदं पकडली. प्रभाग समितीची पदं अनेक राज्यांत वर्षानुवर्षं रिकामी असतात, आणि मोजक्या सह्यांवर किंवा नुसत्या अर्जावर मिळतात. हेच लोक पुढे तालुका-जिल्हा पातळीची समिती निवडतात. बाहेरून गट मेलेला दिसतो, आतून पक्षात मुरलेला असतो.

आयकर खात्याचं प्रकरणही इथलंच. ५०१(सी)(४) या ना-नफा संस्थांच्या करमुक्त दर्जासाठी आलेल्या अर्जांतून 'टी पार्टी', 'पॅट्रियट्स', '९/१२' अशा शब्दांवरून अर्ज बाजूला काढले गेले. मे २०१३ च्या तपासणी अहवालात २९६ अर्ज बघितले, त्यांतले १६० तर २०६ ते १,१३८ दिवस नुसते पडून होते. (२०१७ च्या अहवालात डाव्या गटांसाठीही असेच शब्द वापरल्याचं निघालं.) अन्याय होताच, पण चळवळ त्यानं मेली हे पटत नाही. (सी)(४) संस्थेला तेव्हा पूर्वमंजुरी लागतच नव्हती. दर्जा स्वतःच धरून काम सुरू करता यायचं, वर्षाचं विवरणपत्र भरलं की झालं. छोट्या गटांना हे सांगणारा सनदी लेखापाल परवडत नव्हता, म्हणून ते पत्रव्यवहारात अडकले.

मला विचाराल तर तळ पोखरला तो पैशाच्या दुसऱ्याच वाटेनं. टी पार्टीच्या नावानं ई-मेल आणि टपालातून छोट्या देणग्या गोळा करणाऱ्या समित्या निघाल्या. २०१४ च्या निवडणुकीत अशा ३३ समित्यांनी ४.३ कोटी डॉलर जमवले, त्यांतले जाहिराती आणि उमेदवारांवर गेले फक्त ३० लाख, असं पॉलिटिको या वृत्तसंकेतस्थळानं हिशेब तपासून छापलं. प्रशासनखर्च ३.९५ कोटी. देणगीदार बहुतेक निवृत्त. एकदा पंचवीस डॉलर दिले की यादीत नाव, यादी पुढे भाड्यानं, मग रोज चार पत्रं. स्थानिक मंडळाला मिळाली असती ती वर्गणी अशी वरच्या वर गळाली.

---

सातारकर

मंजिरीताई, जबरी माहिती. पण मग मोर्च्यांचा प्रत्यक्ष उपयोग झाला की नाही? की नुसता टीव्हीचा फुगा?

---

गणिती_काका

झाला, आणि तो मोजलाही गेलाय. १५ एप्रिल २००९ ला काही भागांत पाऊस पडला, काही भागांत नाही. पाऊस पडेल की नाही हे राजकारणावर अवलंबून नसतं, म्हणून कोरड्या आणि ओल्या जागांची तुलना करता येते. अँड्रियास माडेस्टाम आणि सहकाऱ्यांनी ती केली (२०१३ मध्ये प्रसिद्ध). कोरड्या भागांत सभा मोठ्या झाल्या आणि दीड वर्षानं तिथे रिपब्लिकन मतं जास्त पडली. सभेतल्या प्रत्येक जास्तीच्या माणसामागे ७ ते १४ मतं, असा त्यांचा हिशेब. तेव्हा २०१० पुरता तरी फुगा नव्हता.

---

बाणेरचा_बाप्या

माझा आक्षेप मुळावर आहे. पाठिंबा घसरला म्हणताय, पण तीच माणसं २०१६ मध्ये ट्रम्पच्या सभेत होती. पाटी बदलली, दुकान तेच.

---

राधिका_पु

माणसं बऱ्याच अंशी तीच, हे खरं. प्यूनं २०१९ मध्ये एकाच पॅनेलमधल्या लोकांचा मागोवा घेतला. जे रिपब्लिकन आधी टी पार्टीशी सहमत होते तेच पुढे ट्रम्पचे सर्वांत घट्ट समर्थक निघाले. पण दुकानातला माल तोच आहे म्हणणं अवघड जातं. फेब्रुवारी २०१८ च्या करारानं २०११ च्या खर्चमर्यादा दोन वर्षांसाठी ३०० अब्जांच्या आसपास वाढवल्या. जुलै २०१९ मध्ये पुन्हा तसाच करार. हाउस, सिनेट, व्हाइट हाउस तिन्ही हाती असताना पहिला झाला. २०१९ ची तूट ९८४ अब्ज डॉलर, आणि तीही मंदी नसताना. रँड पॉल सिनेटमध्ये एकटा उभा राहून ओरडत होता, मोर्चा एकही निघाला नाही. २००९ चं गाऱ्हाणं तुटीचंच असेल तर हे लोक गप्प का बसले, याचं उत्तर पाटीवर नाही, मालात आहे.

---

नाना_फडवाले

बाप्या, राधिका, दोघांत मला तिसरं दिसतं. तुटीचा राग खराच होता, पण तो 'आपल्याला न मिळणाऱ्या' पैशावरचा. राधिकानंच दिलेला ६२% चा आकडा परत वाचा. बाकी पोलवाल्यांनीही २०१५ नंतर हा प्रश्न फारसा विचारला नाही, त्यामुळे १७ च्या खाली रेघ कुठे गेली यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

---

सातारकर

शेवटचं एक. मंजिरीताई, त्या समित्यांचा खर्च स्वतः तपासायचा तर कुठे बघायचं? की फक्त पत्रकारांनाच जमतं?

---

मंजिरी_जोगळेकर

कुणालाही जमतं, फुकट आहे. फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर समितीचं नाव टाका. नावं मुद्दाम सारखी ठेवलेली असतात, म्हणून देणगीच्या पत्राच्या तळाशी छापलेलं पूर्ण नाव घ्या आणि समितीचा सी नं सुरू होणारा क्रमांक टिपून ठेवा. मग तिचं '३एक्स' विवरणपत्र उघडा. सविस्तर गोषवाऱ्यात ओळ २१ म्हणजे चालवण्याचा खर्च, २३ म्हणजे उमेदवारांना आणि इतर समित्यांना दिलेले पैसे, २४ म्हणजे उमेदवारासाठी स्वतंत्रपणे केलेला प्रचार. २३ आणि २४ ची बेरीज एकूण खर्चानं भागा.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक, एकाच तिमाहीचं पत्र घेऊ नका, निवडणूक नसलेल्या वर्षात २४ वी ओळ शून्य असणं साहजिक आहे. दोन वर्षांचं पूर्ण चक्र घ्या. दोन, २४ व्या ओळीतही टपालखर्च दडवतात. एखाद्या उमेदवाराचं नाव घेऊन देणगी मागणारं पत्र पाठवायचं आणि तो खर्च 'प्रचार' म्हणून दाखवायचा. म्हणून अनुसूची 'ई' उघडून पैसे कुणाला गेले ते बघा. टीव्ही किंवा रेडिओ केंद्राऐवजी टपाल छापणारी, यादी भाड्यानं देणारी किंवा फोन करणारी कंपनी दिसली की ती रक्कम वजा करा. मग अनुसूची 'बी' मध्ये तीच कंपनी पुन्हा येते का बघा, आणि तिचा पत्ता समितीच्या खजिनदाराच्या पत्त्याशी ताडून पाहा.